कूलरच्या भोकातला हिवाळा

नोव्हेंबर सरत आला की कॉलेजच्या ग्रुपवर ती येते. गुलाबी थंडी. धुक्यातलं एक झाड, वाफाळता कप आणि खाली तिरप्या अक्षरांत शुभेच्छा. परवा सकाळी मी पांघरुणातून एकच हात बाहेर काढून ते चित्र पाहिलं आणि हात पुन्हा आत घेतला. या थंडीत गुलाबी काय असतं, ते मला आजवर कळलेलं नाही. नाक असतं, पण ते वाहत असतं. बाकी टाचा, कोपरं, ओठ सगळं राखाडी आणि भेगाळलेलं. स्टाफरूममध्ये सकाळी चार-पाच जण एकदम खाकरतात, तेव्हा माझा चहा कपातच राहतो.

हिवाळ्याला एक वास असतो, तो कुणी फोटोत टाकत नाही. दिवाण उघडला की आधी डांबरगोळ्यांचा भपकारा येतो. त्याच्याखाली गेल्या वर्षीच्या रजईचा वास असतो: कुणाच्या तरी डोक्याचं तेल, कुणाचा तरी बाम, थोडी कुबट ओल. माकडटोपी तोंडापाशी श्वासाने ओली होते आणि तीच ओल पुन्हा ओठांना लागते. खोबरेल बाटलीत थिजतं, आणि ते काढायला कुणीतरी कधीतरी घातलेली काडी तशीच त्यात रुतून बसलेली असते. व्हॅसलिनच्या हाताने धरलेला खडू चिकट होतो. पुरुष मंडळी आंघोळीला दांडी मारून वरून फवारा मारून येतात. तो शिळा घाम आणि ते अत्तर एकत्र हुंगण्यापेक्षा मला मे महिन्यातला उघड घाम परवडतो, निदान तो खोटं बोलत नाही.

ज्यांना थंडी खरंच आवडते त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझा नवरा सुधीर चांदूर बाजारचा, शेतीवाडीच्या घरातला. डिसेंबरातही पंखा लावल्याशिवाय त्याला झोप येत नाही. ‘पंखा बंद केला का कान सुने पडते माहे,’ म्हणतो. मी डोक्यावरून पांघरूण ओढते, वर पंखा फिरत राहतो आणि संसार चालतो. ज्याची त्याची आवड. पण थंडी वाजत असताना वाजत नाही म्हणणारा माणूस, आणि वाजते म्हणणाऱ्याला हसणारा माणूस, या दोघांचा मला तिटकारा आहे. एकदा स्टाफची सहल सेमाडोहला गेली होती. मेळघाटातली थंडी, ती हाडात शिरते. तरी आमचे तीन प्राध्यापक शेकोटीपासून मुद्दाम लांब, अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून उभे. दात वाजतायत, हात काखेत गेलेत, आणि तोंडाने ‘काई नाई, मस्त हाय’ चालू. आम्ही बायका शाली घेऊन बसलो म्हणून आमच्यावर विनोद. परतताना त्यातला एक जण तापाने फणफणला, आणि दोष त्याने शेकोटीच्या धुराला दिला.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे सोसायचं म्हणजे ऊन सोसायचं. उन्हाळ्याचं आम्ही शास्त्रच करून ठेवलं आहे. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, माठाखाली ओली वाळू, गच्चीला चुना, दुपारी कडीकोयंडा लावून अंधार केलेल्या खोल्या, संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून टाकलेल्या खाटा. शाळेतलं पोरही सांगेल की उन्हातून आल्याबरोबर पाणी पिऊ नये. थंडीबद्दल मात्र आम्हाला काहीसुद्धा येत नाही. ती जेमतेम दोन महिन्यांची, तिच्यासाठी कोण घर बदलतो? हिवाळा ही उन्हाळ्यातून मिळालेली सुटी, आणि सुटीबद्दल कुरकुर करणारा माणूस माजलेला. ‘मे मयना आठव जरासक,’ एवढं म्हटलं की कुरकुर करणाऱ्याचं तोंड बंद होतं.

हे सगळं अकोल्यातल्या खिडक्यांत लटकलेलं दिसतं. आमच्या घरी मागच्या खोलीच्या खिडकीची दारं काढून तिथे पत्र्याचा भला मोठा कूलर बसवला होता, बाहेरच्या बाजूने, लोखंडी घोडीवर. मला कळायला लागलं तेव्हापासून तो तिथे आहे. कूलर गंजले, बदलले, नवे आले, पण खिडकीची दारं परत आली नाहीत. उन्हाळा संपला की त्यातलं पाणी काढून टाकायचं, एवढीच त्याची सुटी. मग तिन्ही बाजूंच्या ताट्यांमधलं गवत क्षाराने कडक होऊन बसायचं. त्यात मेलेले डास, पालीची अंडी, वाळलेलं शेवाळ, कधी कबुतराची घाण. डिसेंबरात त्या गवतातून गाळून आलेला वारा थेट आईच्या उशाशी. बाबांना दाराकडे झोपायची सवय, त्यामुळे त्यांच्या आणि कूलरच्या मध्ये कायम आई.

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. अंगात बनियन, नळाच्या पाण्याने आंघोळ, आणि कुणी विचारो न विचारो, ‘आपण आयुष्यात सुटर घातलं नाई’ हे सांगणं. आई म्हणायची, ‘मले हिव लागते.’ बाबा म्हणायचे, ‘घरात हवा खेयली पायजे. बंद खोलीत जीव गुदमरते माहा.’ त्यांचा खरंच गुदमरतो, ते खोटं नाही. पण आईचं हिवही खोटं नव्हतं. ‘दोन मयन्यासाठी कोन काढते तो कूलर? फागुनात पुन्हा लागतेच,’ हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं. मग आई साडीच्या आत बाबांचाच जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची. पायात मोजे, आणि चप्पल घालता यावी म्हणून मोज्यांना अंगठ्यापाशी कापलेलं. पाहुणे आले की ती पाय साडीत ओढून घ्यायची.

आई अकोटची. तिच्या माहेरी वेचणीचा कापूस विकेपर्यंत घरातच एका खोलीत भरून ठेवत, आढ्यापर्यंत. थंडीत सगळी पोरं त्यात शिरून झोपत. ‘कापसात पडलं का आंग असं गरम होये, जसं तव्यावरची पोयी,’ हे ती अजून सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा सैल पडतो. मला त्या खोलीची आठवण आली की खाज सुटते. लहानपणी मामाकडे मीही त्यात लोळले होते. अंगभर लाल चट्टे, मानेत सरकीचा कचरा, बारीक किडे आणि नाकात तो कोंदट धुळकट वास. आईला जो कापूस स्वर्ग वाटतो, त्याने मला रडवलं होतं. अख्ख्या वऱ्हाडाने पिकवलेल्या कापसाच्या गाद्या-रजया कुठेकुठे जातात कोण जाणे, पण माझ्या आईच्या अंगावर वर्षानुवर्षं एक पातळ, गोळे झालेली रजई होती.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती एका दुपारी अमरावतीला माझ्या दारात उभी राहिली. न कळवता, एकटी, हातात बॅग. एसटीच्या खिडकीतून आलेल्या वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. पाण्याचा पेला घेण्याआधी तिने घरातून एक चक्कर मारली, प्रत्येक खिडकी लावून पाहिली, आणि म्हणाली, ‘साऱ्या लागतात वं तुह्या खिडक्या.’ जणू मी तिला सोन्याचे दरवाजे दाखवले होते. मी विचारलं, ‘बाबा?’ ती म्हणाली, ‘हायेत घरी. हवेत.’

दुसऱ्या दिवशी आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो. सोल्यांची आमटी सगळ्यांना हवी असते, पण शेंगेतली ती हिरवी लुसलुशीत अळी बोटावर चढली की मला कसंतरी होतं. आई शांतपणे अळ्या बाजूला काढत होती आणि सांगत होती. खोकला हटेना म्हणून तिने जुनी रजई कूलरच्या तोंडात कोंबली होती आणि साडीच्या काठाने बांधून टाकली होती. दुपारी बाबांचे मित्र आले. बाबा त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले.

‘म्हने, पाहा, आमच्या घरी कूलरले हिव लागते. रजई पांघरून बसला बिचारा.’ आईने शेंग मोडली. ‘सारे हासले. एकानं फोटो काढला मोबाईलमदी. न मंग तुह्या बाबानं ओढूनच काढली ती रजई. सारी मातीमाती झाली होती.’

‘तू काय म्हणाली?’

‘काय म्हनू? च्या देला. कप धुतले. न मंग बॅग भरली.’

थोड्या वेळाने तिने तेवढ्याच साध्या आवाजात अट सांगितली. ‘तो भोकसा बंद होईन तवा जाईन मी अकोल्याले. नाई तं नाई.’ माझ्या आईने आयुष्यात घातलेली ही पहिली अट. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण बाबा कूलर काढतील असं मला जराही वाटत नव्हतं, आणि आई अशी किती दिवस टिकेल याचीही खात्री नव्हती.

झोपायचा प्रश्न त्याआधीच, ती आली त्याच संध्याकाळी आला होता. दोन खोल्यांचं घर. सुधीरने आपली उशी उचलली, पेडेस्टल पंखा ओढत हॉलमध्ये नेला. आई संकोचाने अर्धी झाली. ‘जावई भाईर झोपते, हे बरं दिसते काय?’

‘आई, मले पंखा पायजे, तुमाले रजई पायजे,’ सुधीर म्हणाला. ‘हॉल रिकामाच हाय. त्यात काय बरं न वाईट?’

हॉलमधून पंख्याचा घुर्र आवाज येऊ लागला. आई बराच वेळ पलंगाच्या काठावर बसून त्या बंद दाराकडे पाहत होती. मग रजई ओढून आडवी झाली, आणि इतकी गाढ झोपली की सकाळी मी तिला हात लावून पाहिलं. पाय गरम होते. मला आठवतं तसं आईचे पाय गरम असलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

ती दुपारी गच्चीवर उन्हात बसे, पाठीवर केस मोकळे सोडून. खोकला आठवड्यात गेला. पण नातेवाईकांना तिचा खोकला दिसला नव्हता, आता तिचं नसणं दिसलं. फोन सुरू झाले. एक मावशी म्हणाली, ‘थंडीपायी कोनी नवऱ्याले सोडते काय वं? लोकं काय म्हनतीन?’ एका काकांनी मला समजावलं, ‘तुह्या माईले समजाव. म्हातारपनी काय खूय घेतलं.’ दारू प्यायला, मारलं, तर या मंडळींना निदान कारण कळलं असतं. बाई गारठते, हे कारणच नव्हतं त्यांच्या लेखी. त्यांच्या त्या गोड, समजूतदार आवाजांची मला किळस येई. त्यातल्या एकानेही बाबांना फोन करून खिडकी लाव म्हटलं नाही.

बाबांचे फोन रोज येत. साखरेचा डबा कुठाय, गॅसचा नंबर कुठे लिहिलाय. कूलरचा उल्लेख नाही, ‘ये’ नाही. आई सगळं नीट सांगे. पण फोन ठेवल्यावर ती बॅग पलंगाखालून ओढे, साड्यांच्या घड्या पुन्हा करे आणि बॅग परत सरकवून देई. मला धास्ती होती ती त्याचीच. एक दिवस ती घड्या न करता बॅग उचलेल, आणि त्याच खोलीत, त्याच भोकासमोर जाऊन झोपेल. मग तिची ती अट घरात विनोद म्हणून सांगितली जाईल, पुढची कित्येक वर्षं.

संक्रांत आटोपल्यावर बाबा आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बसच्या वाऱ्याने कान लाल. सोफ्यावर बसले आणि दोन्ही पंजे काखेत घातले. आईने पाहिलं. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. शाल आणली नाही. मला तिचा अभिमान वाटला.

‘काढला,’ बाबा बशीकडे पाहत म्हणाले.

‘काय?’

‘कूलर. काढला न फयी ठोकून देली. पुरी खिडकी बंद.’ मग माझ्याकडे वळून, जणू तक्रार माझी होती, ‘पाहून घे, आता काई हवा येत नाई. चाल म्हना तिले.’

आई उभीच होती. ‘न मंग तुमी? तुमाले तं बंद खोलीत झोप येत नाई.’

‘मी समोरच्या खोलीत झोपीन. माही खाट टाकली तिथं.’

मी मान खाली घालून रिकामे कप गोळा करायला लागले. आईवडील कुठे आणि कसे झोपतात, हे आमच्याकडे पोरांसमोर बोलायचं नसतं. लग्न झालेल्या बाईने वेगळ्या खोलीत झोपायचं म्हणजे काहीतरी बिनसलं, एवढं एकच त्याचं भाषांतर आमच्या लोकांना येतं. त्या भीतीपोटीच तर हे कुणाला सुचलं नव्हतं. खोल्या दोन होत्या, माणसं दोन होती, एकाला वारा हवा होता आणि एकीला ऊब. शाळेतल्या पोराने सोडवलं असतं असलं गणित. आणि ते मांडायला माझ्या आईला बॅग भरून अमरावतीला यावं लागलं, सगळ्या गोतावळ्यात छी थू करून घ्यावी लागली. बाबा हरल्यासारखे बसले होते. मला त्यांची दया यायला हवी होती, पण मला आली ती चीड.

आई त्यांच्याबरोबर गेली. बसमध्ये खिडकीशी ती बसली, आणि बसल्याबरोबर तिने काच ओढून लावली. बस सुटली.

आता पुन्हा ते दिवस आले आहेत. सुधीरचा पंखा डोक्यावर फिरतो आहे, आणि मी पायात एकावर एक दोन जोड मोजे घालून हे लिहिते आहे. ग्रुपवर आज हुरड्याचा बेत ठरतो आहे. शेताच्या बांधावर मुंग्यांत बसायचं, गोवऱ्यांच्या धुराने डोळे चोळायचे, राखेने काळे झालेले तळवे एकमेकांना दाखवायचे आणि थंडीचं कौतुक करायचं. ‘सुटर न घालता या’ असं एकाने लिहिलं आहे, पुढे हसरा चेहरा. मी ‘येणार नाही’ एवढंच लिहिलं. कारण विचारलं तर सांगणार होते, पण कुणी विचारलं नाही. थंडीच्या बाबतीत कारण विचारायची आमच्यात पद्धत नाही.

त्या वर्षी आई परत गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी सकाळी फोन केला होता. मी खुशीत होते. लढाई जिंकली होती आम्ही. म्हटलं, ‘खोली गरम आहे ना आता?’

‘हाय,’ आई म्हणाली.

‘वारा येत नाही ना?’

‘नाई येत.’

‘मग काय, मस्त झोप लागत असेल.’

‘झोप नाई लागत वं.’

मला वाटलं फळीला फट राहिली असेल, किंवा बाबांनी पुन्हा काही म्हटलं असेल. म्हटलं, ‘का? काय झालं?’

मागून भांड्यांचा आवाज येत होता.

‘राग येते मले,’ ती म्हणाली. ‘इतकी सालं हिव लागे, तवा राग नोता येत. हिवात मानूस पोटाशी पाय घेऊन पडते, त्यात राग कोठून येईन? आता पांघरुनात आंग मोकयं होते, न मंग एक एक आठवते. तू झाली ना, ते अशाच थंडीत. सव्वा मयना तुले घेऊन त्याच खोलीत होती मी. तुह्ये ओठ निये पडे सकायी सकायी. मी तुले छातीशी धरून रात काढो, न तिकून वारा येये.’



‘एक फयी होती वं,’ आई म्हणाली. ‘एका फयीचं काम होतं.’

मी तिला हाक मारली. तिने ऐकली नसावी, किंवा ऐकली असावी. ‘ठेव आता,’ ती म्हणाली. ‘तुह्ये बाबा आवाज देऊन राह्यले. च्या पायजे त्याईले.’